एक दाता मागे

ओमुरझाकच्या गॅरेजात एक नियम होता. तो मोडणारा गावचा पुढारी असो की सख्खा जावई, ओमुरझाक त्याच्यावर पाना उगारायला कमी करत नसे. टायमिंग बेल्ट बसवला की इंजिन हाताने फिरवून बघायचं, आणि ते पुढेच फिरवायचं. केसभर जास्त गेलं म्हणून जरा मागे घेऊ, हे चालायचं नाही. पुन्हा अख्खा फेरा मारून त्याच जागी यायचं. "इंजिन आणि घोडा मागे ढकलू नये," तो म्हणायचा. "घोडा लाथ मारून मोकळा होतो. इंजिन मनात ठेवतं."

माणूस तसा साधा होता. तरुणपणी सामूहिक शेतीच्या ट्रॅक्टरांखाली झोपून हात काळे केले. पुढे ते राज्य गेलं, ट्रॅक्टर भंगारात गेले, आणि जपानहून जुन्या गाड्या येऊ लागल्या, तेव्हा यानं रस्त्याच्या कडेला एका लोखंडी कंटेनरला दार कापून गॅरेज थाटलं. शिकला कुठे म्हणाल, तर कुठेच नाही. खोलायचं, बघायचं, शिव्या घालायच्या, बसवायचं. बेल्टमध्ये मात्र त्याचा हातखंडा. पुलीवर एक, बेल्टवर एक, इंजिनच्या अंगावर एक असे पांढऱ्या रंगाचे ठिपके द्यायचा, आणि तिन्ही समोरासमोर आले की तोंडातल्या तोंडात 'बिस्मिल्ला' म्हणून बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर सोडायचा. त्याच्या हातचा बेल्ट कधी परत आला नव्हता. आक-जार गावात म्हणच पडली होती, बायको पळेल पण ओमुरझाकचा बेल्ट पळणार नाही. ही म्हण ऐकली की त्याची बायको बात्मा म्हणायची, "पळून जाऊ कुठे? वर डोंगर, खाली नदी!"

तर ऑक्टोबरात, पहाटेचं दव गोठायला लागलं तेव्हा, मेदेरबेकची गाडी त्याच्याकडे आली.

मेदेरबेक स्वतः वर्षापूर्वी गेला होता. चाळिशीचा धडधाकट गडी, टॅक्सी चालवायचा. एका सकाळी छातीत कळ आली आणि चहाची वाटी हातातच राहिली. आमच्याकडे जुन्या काळी कर्ता पुरुष गेला की त्याच्या घोड्याची शेपटी कापत, पाठीवर खोगीर उलटं ठेवत, आणि वर्षाचा आश, म्हणजे त्याच्या नावाचं मोठं जेवण, होईपर्यंत त्या घोड्यावर कुणी बसत नसे. आता घोडे राहिलेत कुणाकडे? म्हणून गाडीलाच तो मान. फाटकापाशी, जिथे पूर्वी घोडे बांधायचे त्या खुंट्याजवळ, ती वर्षभर उभी होती. आरशाला काळी चिंधी बांधलेली. तिला कुणी हात लावला नव्हता.

आता आश पंधरवड्यावर आला होता. मेदेरबेकचा धाकटा भाऊ नुरदोलोत शहरातून आला होता, आणि जेवण झालं की बायकापोरांना घेऊन हीच गाडी डोलोनच्या खिंडीपलीकडे नेणार होता. गाडी ओढत आणून तो वडीलधाऱ्याला हाक मारावी तसा म्हणाला, "आके, वर्षभर उभी आहे. बेल्ट बदलून द्या. खिंडीत दगा नको."

शेजारी टायरवाला जुमाश पंक्चर काढत बसला होता. तो बोलल्याशिवाय राहतोय कुठे! "वर्ष भरायच्या आत मेलेल्याच्या घोड्याला नाल ठोकतोस, ओमुरझाक? बघ बाबा. घोड्याला चालेल, मालकाला चालायला हवं."

"मालकाला तुझी बडबड चालत नव्हती एवढं मला ठाऊक आहे," ओमुरझाक म्हणाला आणि कामाला लागला.

काम नेहमीसारखं झालं. ठिपके दिले, बेल्ट बसवला, इंजिन हाताने पुढे दोन फेरे फिरवलं, ठिपके पुन्हा समोरासमोर आले. चावी मारली तशी गाडी जी सुरू झाली, ती वर्षभर झोपून उठलीय असं कुणाला वाटलंही नसतं. नुरदोलोत खूश होऊन घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला. गाडी दारात उभी राहून थरथरत होती, ताप भरलेल्या माणसासारखी. "मिसिंग मारतेय, आके. चढाला दमच नाही. मागून फटफट आवाज करते."

"पेट्रोल कुठलं भरलंस?"

"भरलंच नाही. तुमच्याकडून घरी गेली ती आता निघाली."

ओमुरझाकने आधी सोप्या गोष्टी बघितल्या. प्लग काढले, वायरी बदलून बघितल्या, हवेच्या नळीला कुठे भेग आहे का म्हणून साबणाचं पाणी सोडलं, काम करताना एखादा सेन्सर सुटा राहिला का ते चाचपलं. सगळं जिथल्या तिथे. मग एकच गोष्ट उरली, आणि ती बघायची त्याला मुळीच इच्छा नव्हती. त्याने कव्हर उघडलं.

पुलीवरचा पांढरा ठिपका खुणेच्या एक दाता मागे होता.

आता बेल्टचा एक दाता म्हणजे काही फार नाही. नखाएवढं अंतर. पण इंजिनचा श्वासच त्यावर चालतो. झडप उघडायची तेव्हा उघडत नाही, मिटायची तेव्हा मिटत नाही, आणि गाडी दमेकऱ्यासारखी चालते. आणखी दोन-तीन दाते मागे गेलं की त्या जातीच्या इंजिनात झडप पिस्टनवर आदळते आणि खेळ खलास. हे कुठे होईल तर खिंडीत, जिथे एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, आणि मागच्या सीटवर दोन लेकरं.

"काय झालं?" नुरदोलोतने विचारलं.

"काही नाही. वायर सैल होती," ओमुरझाक म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो गिऱ्हाइकाशी खोटं बोलला. बेल्ट सोडून पुन्हा बसवला, पुन्हा दोन फेरे. गाडी पुन्हा छान चालली.

रात्री जेवताना त्याचा घास तोंडातच फिरत राहिला. बात्माने विचारलं, तर डोकं दुखतंय म्हणाला. डोकं दुखत नव्हतं. त्याला बाप आठवत होता. बाप मेंढपाळ, पंचक्रोशीत त्याच्यासारखा घोडेस्वार नव्हता. एका सकाळी त्यानं घोड्यावर खोगीर चढवलं ते उलटं. सगळे हसले. बापही हसला, पण ओमुरझाकची आई हसली नाही, कारण जिवंत माणसाच्या घोड्यावर उलटं खोगीर कुणी ठेवत नाही. ती सुरुवात होती. मग तो लगाम विसरला, मग वाट, मग मुलांची नावं. शेवटी शेवटी अंगणातल्या मातीच्या भिंतीवर टांग टाकून बसायचा आणि नसलेल्या घोड्याला टाच मारायचा. रस्त्याने जाणारी पोरं खिदळायची. उलटं खोगीर घातलं तेव्हा बाप जेवढ्या वयाचा होता, तेवढाच ओमुरझाक आता होता.

मरणाला तो भीत नव्हता. भीत होता तो त्या भिंतीला.

दुसऱ्या सकाळी गाडी तिसऱ्यांदा दारात आली, तीच थरथर घेऊन. या खेपेला नुरदोलोतचा चेहरा उतरलेला होता आणि तो डोळ्याला डोळा देत नव्हता. कव्हर उघडलं. एक दाता मागे.

जुमाश येऊन वाकून बघायला लागला. "अरे वा! ओमुरझाकचा बेल्ट पळाला? बायको आहे ना घरी?"

"तू तुझी भोकं बुजव," ओमुरझाक खेकसला, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. हात थरथरतायत का, हे तो चोरून बघत होता.

बेल्ट बसवला, पण कव्हर लावलं नाही. घरी जाऊन बात्माला हात धरून घेऊन आला. ती बिचारी पिठाच्या हातांनीच आली. गुरुवार होता. गुरुवारी आमच्याकडे बायका कणकेचे बोरसोक तेलात तळतात, तेलाचा वास आपल्या मेलेल्या माणसांपर्यंत पोचावा म्हणून.

"हे बघ. हा ठिपका. ही खूण. समोरासमोर आहेत?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"अगं, सुईत दोरा ओवतेस ना? तसंच बघ. सरळ आहेत की नाहीत?"

ती वाकली, डोळे बारीक केले. "आहेत. अगदी सरळ. का हो? तुम्हाला दिसत नाही का?"

"मला दिसतंय. तुला दिसतंय का, ते बघायचं होतं." त्याने तिच्यासमोर कव्हर लावलं, स्क्रू पिळले. बात्मा त्याच्याकडे अशी बघत राहिली की त्याला मान खाली घालावी लागली. तिनेही सासऱ्याला त्या भिंतीवर बसलेलं बघितलं होतं.

शुक्रवारी सकाळी गाडी आली. त्याने बात्माला बोलावून तिच्यासमोरच कव्हर उघडलं. ती वाकली आणि पटकन मागे सरली, विंचू दिसावा तशी.

"सरकलाय," ती म्हणाली. "अहो, काल तर सरळ होता. माझ्या डोळ्यांनी बघितलाय."

त्या क्षणी ओमुरझाकच्या छातीवरचा धोंडा उतरला. आपलं डोकं ठिकाणावर आहे! पण उतरला तसाच दुसरा चढला. आपण नाही, तर मग कोण? बंद कव्हरच्या आत, रात्रीतून, इंजिन उलटं कोण फिरवतं?

त्याने नुरदोलोतला कंटेनरच्या मागे नेलं. "खरं बोल. या गाडीचं घरी काय होतं?"

नुरदोलोत शहरात मोठ्या दुकानात नोकरी करायचा, चांगले कपडे घालायचा. पण आत्ता तो शाळकरी पोरासारखा रडकुंडीला आला होता. "आके, मी गाडी वर लावतो. अंगणात, घराच्या दाराशी. तोंड चढाकडे, पहिला गिअर टाकून, चाकामागे दगड. ब्रेक थंडीत चिकटतात, म्हणून हँडब्रेक कुणी ओढत नाही, तुम्हाला माहीतच आहे. आणि सकाळी उठून बघतो तर गाडी खाली असते. खुंट्याजवळ. जिथे वर्षभर उभी होती, तिथेच. रोज."

"दगड सरकत असेल."

"पण मध्ये गंजीला वळसा आहे, आके! सरळ आली तर गवताच्या गंजीत घुसेल, नाहीतर नदीत. ती वळून येते आणि खुंट्याशी थांबते. मेदेरबेक बाइकेच थांबवायचा तशी."

"मग पहाटे उठून बघायचं नाही का, गाढवा?"

"कोण बघणार? वहिनी म्हणते, त्या वेळेला बाहेर पडू नका, त्याची वेळ आहे ती. आणि आपा..." तो थांबला. आपा म्हणजे त्याची आई, ऊलकान. "आपाचं काय खरं नाही. गुडघ्यांनी अधू झालीय, आणि भिंतीशी बोलत बसते. हे असंच चालू राहिलं तर आश झाला की तिला शहरात घेऊन जाणार. आमच्या चौथ्या मजल्यावर निदान कुणाची नजर तरी राहील."

ऊलकान आपाला चौथ्या मजल्यावर ठेवणार! ज्या बाईने आक-जारबाहेर कधी रात्र काढली नाही तिला! ओमुरझाकला बोलायचं होतं, पण दुसऱ्याच्या घरात तोंड घालू नये म्हणून गिळलं.

शनिवारी झुंजुमुंजू व्हायच्या आत तो त्यांच्या फाटकात शिरला आणि गंजीच्या आडोशाला उभा राहिला. गवत दवाने कडक झालं होतं. खाली नदी वाहत होती, पण तिचा आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. घराच्या दाराशी गाडी चढाकडे तोंड करून उभी होती, काचांवर बर्फाची साय. गुरुवारच्या तळणीचा वास अजून हवेत होता. तळणीचा वास एवढ्या थंडीत कसा टिकतो? असला विचार करू नये, असं त्याने स्वतःला बजावलं.

दार उघडल्याचा आवाज त्याने ऐकला नाही. गाडीच्या दाराचाही नाही. एकदम दगड घासल्यासारखं खर्र झालं आणि गाडी हलली.

ती मागे मागे येऊ लागली. दिवे नाहीत, इंजिन बंद. फक्त बोनेटखालून एक कोरडा आवाज. टक. मग थांबून, टक. सगळं आयुष्य इंजिनात घालवलेल्या माणसाला तो आवाज सांगावा लागत नाही. चाकं मागे फिरत होती आणि पहिल्या गिअरमधून इंजिनला उलटं फिरवत होती. उलटा ताण आला की टेन्शनर ढिला पडतो, आणि बेल्ट दाता सोडतो. टक.

गाडी वळसा घेत गंजीला खेटून त्याच्या समोरून गेली. उजवीकडे, चालकाच्या जागी, कुणीही नव्हतं. स्टीअरिंग आपोआप फिरलं आणि सरळ झालं. डावीकडे पांढरा रुमाल बांधलेलं एक डोकं होतं, ताठ बसलेलं, समोर बघत.

ओमुरझाकने गंजी घट्ट धरली. तोंडाने कलमा येईना, 'ब्रेक दाब' असंच काहीतरी येत होतं. गाडी खुंट्याशी येऊन थांबली.

काच खाली झाली. "कोण आहे तिथे?"

"मी... मी ओमुरझाक, आपा. बेल्टवाला."

"हळू बोल. पोरं उठतील."

तो जवळ गेला. ऊलकान आपा मांडीवर दुधाची बादली घेऊन बसली होती. तिच्या हातात दोरी होती, आणि दोरीचं दुसरं टोक वर अंगणात पडलेल्या दगडाला बांधलेलं. दात वाजत असतानाही त्याने विचारलं, "आपा, गाडी कोण चालवत होतं?"

म्हातारीने उजवीकडच्या रिकाम्या सीटकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "आंधळा झालास का रे?"

मग तिने सांगितलं, अगदी रोजचं काम सांगावं तसं. गोठा इथे खाली, घर वर, उतारावर बर्फ, आणि तिचे गुडघे गेलेले. म्हणून मेदेरबेक रोज पहाटे तिला गाडीत बसवायचा आणि इंजिन सुरू न करता खाली गोठ्यापर्यंत सोडायचा. दगडाला दोरी त्यानेच बांधली होती. "दोरी ओढायची माझं काम, बाकी त्याचं. वर्षभर गाडी इथेच होती, मग काय, मी काठी टेकत यायची आणि नुसती बसायची. आता तू तिला बरं केलंस. नुरदोलोत वर लावतो. मग परत सुरू झालं."

ओमुरझाकला खाली चिखलात दोन खोल चाकोऱ्या दिसल्या, गोठून दगड झालेल्या. दहा वर्षं रोज त्याच वाटेने चाकं गेलेली. चाक त्यातून बाहेर पडणार कसं? चाकोरीच वळवत असणार. असणारच. त्याने स्वतःला तसं समजावलं, आणि तेवढ्यावर मन भागवलं.

पण अंगावर काटा आला तो दुसऱ्याच गोष्टीने. गिअरमध्ये होती म्हणून गाडी हळू येत होती. उद्या कुणी शहाण्याने गिअर काढून नुसत्या दगडावर ठेवली, तर दोरी ओढल्याबरोबर म्हातारी नदीत. आणि गिअरमध्ये राहू दिली, तर आश होईपर्यंत बेल्ट रोज एकेक दाता सोडणार.

"आपा, मेदेरबेक पाय ठेवायचा का हो? डावा पाय, खाली, क्लचवर?"

"ठेवायचा की. म्हणायचा, आपा, ओढ दोरी, मी पाय ठेवलाय." तिने दोरी बोटाला गुंडाळली. "आताशा म्हणत नाही. काहीच बोलत नाही. मी विचारते, पाय ठेवलास का रे? तर गप्प."

ओमुरझाकने चालकाच्या जागेकडे बोट केलं. "तुम्ही बसून ठेवाल का पाय? मी दाखवतो."

"त्याच्या मांडीवर बसू? लाज आहे का तुला?"

तो गाडीचं दार धरून उभा राहिला. नुरदोलोतला सांगितलं की सगळं मिटतं. गाडी दुसरीकडे लावतील, ओमुरझाकचं नाव राहील, आणि म्हातारी चौथ्या मजल्यावर. सांगायला एक वाक्य पुरे होतं.

"मग उद्यापासून मी बसलो तर चालेल?" त्याने विचारलं.

त्या दिवशी गॅरेजात त्याने बेल्ट पुन्हा नीट बसवला आणि, जुमाश कान टवकारून बसलेला असताना, नुरदोलोतला मोठ्याने सांगितलं, "चूक माझीच. एक दाता मागे बसवत होतो. डोळे गेले माझे. दगड लहान आहे, सरकतो, चाकोरीतून गाडी खाली येते, त्यात भुताखेताचं काही नाही. लाव वरच, घाबरू नकोस."

नुरदोलोतने जो सुस्कारा सोडला तो बघण्यासारखा होता. भावाच्या आत्म्यापेक्षा म्हातारा मेकॅनिक बरा! जुमाशने संध्याकाळपर्यंत गावभर दवंडी पिटली. म्हण उलटली, बायको राहील पण ओमुरझाकचा बेल्ट राहणार नाही. ज्यांच्या गाड्या ठरल्या होत्या ते नारीन शहरात दुसऱ्या गॅरेजात गेले. एकाने तर तोंडावर सांगितलं, "आके, तुमच्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं ना?"

बात्मा पेटली. "मी बघितलाय ठिपका! चौकात उभी राहून ओरडून सांगते. वेडे ठरवतायत तुम्हाला, आणि तुम्ही मान डोलावताय?" मग त्याने तिला सगळं सांगितलं. तिने पेटीतून त्याचा लोकरी कोट काढून उशाशी ठेवला. "पहाटे थंडी असते," एवढंच म्हणाली.

रविवारी पहाटे तो गाडीजवळ गेला तेव्हा ऊलकान आपा डावीकडे बसलेली होती. त्याने उजवीकडचं दार उघडलं.

"थांब," ती म्हणाली. रिकाम्या सीटकडे वळून हलक्या आवाजात बोलली, "सरक रे जरा. मोठा माणूस आलाय." थोडी थांबली. "हं. बस आता. सरकला तो."

ओमुरझाक बसला. काचांवर बर्फ होता, श्वासाची वाफ होत होती, आणि सीट गरम होती. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी गरम. हे त्याने बात्माशिवाय कुणालाही सांगितलं नाही, आणि मी सांगतोय ते बात्माकडून ऐकून.

"पाय ठेवलास का रे?" म्हातारीने समोर बघत विचारलं. कुणाला विचारलं, कोण जाणे.

त्याने डावा पाय क्लचवर दाबला, उजवा ब्रेकवर. "ठेवला, आपा."

तिने दोरी ओढली. गाडी सुटली, वळसा घेऊन आली, खुंट्याशी थांबली. बोनेटखालून टक असा आवाज एकदाही आला नाही. आश होईपर्यंत रोज तसंच चाललं. पहाटे उठणाऱ्या दोघा-तिघांनी मेलेल्याच्या गाडीत बसलेला ओमुरझाक बघितला, आणि गावाला बोलायला आणखी निमित्त मिळालं.

आशच्या दिवशी घोडा कापला, अख्खं गाव जेवलं. नुरदोलोतने चावी मारली तशी गाडी गुळगुळीत सुरू झाली. एक ड्रायव्हर ओरडला, "आके, खिंड ओलांडेल ना? की एक दाता मागे राहील?" पंगतभर हशा झाला. ओमुरझाकही दात दाखवून हसला. मांस वाटायची वेळ आली. कुणाला कोणतं हाड द्यायचं हे आमच्याकडे मानाप्रमाणे ठरतं, आणि मांडीचं मोठं हाड पंगतीतल्या सगळ्यात मानाच्या म्हाताऱ्याचं. ऊलकान आपा काठी टेकत आली, ते ताट स्वतः उचललं, आणि दाराजवळ, शेवटच्या जागी बसलेल्या ओमुरझाकसमोर ठेवलं. मघाशी ओरडलेला ड्रायव्हर खाली बघून जेवू लागला.

निघताना नुरदोलोत त्याला म्हणाला, "आपाला नेत नाही, आके. हल्ली बरी आहे. भिंतीशी बोलत नाही." आरशाची काळी चिंधी सोडून त्याने खुंट्याला बांधली आणि गाडी गेली. रात्री त्याचा फोन आला, खिंड सुखरूप उतरलो म्हणून.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओमुरझाकला सवयीने जाग आली. आता कुठे जायचं? तरी त्याने कोट चढवला. बात्मा जागीच होती. ती कूस बदलून झोपल्याचं सोंग करत राहिली.

ऊलकान आपाचं अंगण दवाने पांढरं झालं होतं. गाडी रात्रभर तिथे नव्हती, तरी दाराशी एक गाडीएवढा काळा चौकोन कोरडा होता. त्यावर दव पडलंच नव्हतं. चौकोनाच्या डाव्या कडेला, घडी केलेल्या लोकरीच्या नमद्यावर, ऊलकान आपा बसली होती. मांडीवर बादली, हातात दोरी, दोरीच्या टोकाला दगड. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि मग उजवीकडच्या मोकळ्या जागेकडे.

रस्त्यावरून कुणीतरी गुरं घेऊन चाललं होतं. ते थांबलं. ओमुरझाकला त्याचं खिदळणं ऐकू आलं, आणि बापाची ती भिंत आठवली. आयुष्यभर जिची भीती बाळगली ती भिंत.

तो फाटकातून आत गेला आणि उजवीकडे जमिनीवर बसला. जमीन गरम होती.

"पाय ठेवलास का रे?"

त्याने डावा पाय मातीवर घट्ट दाबला. "ठेवला, आपा. ओढा."

तिने दोरी ओढली. दगड गोठलेल्या गवतावरून खर्र करत सरकला, आणि खाली गोठ्यात गाय हंबरली.